दीड मीटर खाली

आईने माझं पॅराशूट पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा आधी ते चिमटीत धरून खिडकीच्या उजेडाकडे नेलं आणि म्हणाली, "मधेमधे जाड दोरा घातलाय की ह्यात. उभा पण, आडवा पण." चाळीस वर्षं वडगावात मागावर काढलेल्या बाईने जे दोन सेकंदात ओळखलं ते मला कोर्समध्ये स्लाइड दाखवून शिकवलं होतं, की ह्याला रिपस्टॉप नायलॉन म्हणतात, ठरावीक अंतरावर जाड धागा टाकलेला असतो आणि त्यामुळे कापड कुठे फाटलंच तर ते फाटणं पुढच्या चौकटीपाशी अडतं. "आणि वरनं काय फासलंय? सुळसुळतंय." सिलिकॉन, म्हटलं, हवा आरपार जाऊ नये म्हणून. "मग घडी कशी राहतीय ह्याची?" राहत नाही ना आई, तेच तर. पहिल्या वर्षी एकेक घडी घालायला मला पाऊण तास लागायचा, गुडघ्याने दाबून, पोटाखाली घेऊन, मराठीत शिव्या देत. आजूबाजूचे अमेरिकन समजायचे मी मंत्र म्हणतेय.

श्रावण चालू आहे, बेळगावात तो कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको, दिवसातून आठ वेळा वाळत घातलेलं काढायचं आणि आठ वेळा परत घालायचं. गच्ची ओली, म्हणून पॅराशूट माजघरात दोन खुंट्यांना अडकवलंय, ह्याच खुंट्यांना माझा पाळणा होता म्हणे. गल्लीतल्या पोरी येऊन फोटो काढून गेल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय करालीस गे हे? ती शीतल महाजन करती तसलं काय?" हो काकू, तसलंच, पण तसलं नाही. शीतल महाजनने 2004 साली आयुष्यातली पहिली उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली, 2018 ला थायलंडमध्ये नऊवारी नेसून मारली, पद्मश्री मिळाली, आणि पुण्याची आहे म्हणजे आपलीच, हे गणित बेळगावात कुणाला समजवावं लागत नाही. माझं तसं नाही, मी एकटीने काहीच केलेलं नाही. मी जे करते त्यात एकटीचं नाव कुठे येतच नाही, आणि आलंच तर चुकलं म्हणून येतं.

मोठ्या ग्रुपचं रेकॉर्ड म्हणजे काय ते आधी सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं विमानातून खूप जण एकदम उडी मारतात आणि मोजतात. तसं नाहीये. खूप जणांनी पॅराशूट उघडायच्या आधी, खाली पडता पडता, हवेत एकमेकांना धरून एक ठरलेली आकृती करायची. जगातली सगळ्यात मोठी झाली ती 8 फेब्रुवारी 2006 ला थायलंडमध्ये उडोन थानीला, 400 माणसं, 31 देशांची, थायलंडच्या हवाई दलाची पाच हर्क्युलिस विमानं, आणि ती आकृती टिकली 4.25 सेकंद. सव्वाचार सेकंद! म्हणजे "बेळगावचा कुंदा" हे तीन वेळा म्हणून होईपर्यंत संपलं. त्याच्या दोन वर्षं आधी तिथेच थायलंडमध्ये 357 झालं होतं. बायकांचं मोठं म्हणजे 2009 चं, कॅलिफोर्नियातल्या पेरिसला, 181 जणी. (हे पेरिस वेगळं, रखरखीत भागातलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही आयफेल टॉवरच दिसला होता.)

आमचा आकडा ह्यापुढे किरकोळच. 48 जणी. पण नियम 400 ला जो तोच 48 ला. आकृती आधी कागदावर काढून द्यायची, कोण कुठे आणि कोणाचा हात किंवा पाय कुणाच्या हातात हे सगळं त्यात असतं, मग वरून उडणारे कॅमेरावाले शूट करतात आणि जज लोक ते फ्रेम फ्रेम करून बघतात. कागदावरची प्रत्येक पकड फोटोत दिसली पाहिजे. 47 जणी अचूक आणि एक चुकली तर 47 चं रेकॉर्ड मिळतं असं काही नाही. काहीच मिळत नाही.

ती चुकलेली एक मी होते. गेल्या वर्षी.

म्हणजे तशा सगळ्या उड्यांत कोणीतरी चुकत होतंच. तीन दिवसांत बारा प्रयत्न ठरले होते आणि एकेका उडीत कधी चार जणी बाहेर, कधी दोन, कधी सगळ्या आल्या पण एका बाजूला ताण येऊन साखळी तुटली. रोज सकाळी उन्हात जमिनीवर ते चालत चालत करायचं, त्याला डर्ट डाइव्ह म्हणतात, 48 बायका कमरेत वाकून छोटी छोटी पावलं टाकत एकमेकींच्या मांड्या धरताहेत, लांबून बघणाऱ्याला वाटावं ह्यांच्या अंगात आलंय. मग तीन ट्विन ऑटर विमानं, वर जाताना नाकात ऑक्सिजनची नळी, साधारण 16,000 फुटांवर दार. मधल्या विमानातून बेस निघतो, म्हणजे आकृतीचा गाभा, आणि बाकीच्या त्याच्यावर थरांनी येऊन लागतात. माझी जागा अगदी बाहेरच्या थरात, मागच्या विमानातली, शेवटून तिसरी. म्हणजे मी बाहेर पडेपर्यंत बेस बराच खाली आणि पुढे गेलेला असतो, मग डोकं खाली करून सूर मारायचा आणि त्याला गाठायचं, आणि गाठलं की, हे फार महत्त्वाचं, थांबायचं. त्याच पातळीवर, थोडं लांब. ताशी 190-200 किलोमीटरने सगळेच पडताहेत पण एकमेकांच्या हिशोबात आपण उभ्या आहोत. मग पुढची जागेवर लागली की आपण मुंगीच्या पावलाने पुढे व्हायचं आणि उजव्या हाताने एकीचा डावा पाय, डाव्या हाताने दुसरीचा उजवा पाय धरायचा. सूटच्या पायाला कापडाची जाड वळकटी शिवलेली असते धरायला. ओढायचं नाही, लोंबायचं नाही. धरून नुसतं असायचं.

आता माझं वजन 49 किलो. हलकं माणूस हवेत हळू पडतं, आणि फॉर्मेशन काही तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून माझ्यासारख्या बायका कमरेला शिशाचा पट्टा बांधतात. आईला हे सांगितलं तेव्हा ती किती वेळ हसली. "वजन कमी पडतंय म्हणून शिसं बांधताय? मग जेवा की गे नीट!" मी चार किलो बांधायचे. पाचव्या उडीत मी वरच राहिले, सगळ्या खाली लागताहेत आणि मी वर पतंगासारखी, अंग आकसून आकसून पण खाली सरकायला तयार नाही. फॉर्मेशनच्या थेट वर जाऊन तर अजिबात चालत नाही, एवढ्या अंगांनी खालची हवा अडवलेली असते, वर पोकळी होते, त्यात गेलात की धप्पकन सगळ्यांच्या पाठीवर. म्हणून सहाव्याला मी एक किलो वाढवला. कोणाला विचारलं नाही. सहावी, सातवी, आठवी ठीक गेल्या, माझी जागा मी घेतली, चुकल्या त्या दुसऱ्या कोणी. आणि नवव्या उडीत मी सूर जरा जास्तच मारला. मला उशीर होतोय असं वाटलं, बाकी कारण काही नाही. ब्रेक मारेपर्यंत मी पातळीच्या खाली.

खाली गेलेलं माणूस वर येत नाही. येतं, पण तेवढा वेळ नसतो. हातपाय पसरून, छाती खाली दाबून, जेवढी हवा अंगावर घेता येईल तेवढी घेतली, पण कमरेला पाच किलो शिसं. आणि मग मी एक गोष्ट बघितली जी त्या 47 जणींपैकी कोणीच बघितली नाही. खालून अख्खी फॉर्मेशन. सगळी पोटं, सगळ्या हनुवट्या, निळ्या-केशरी सूटची ती भलीमोठी फुलासारखी आकृती, पूर्ण, पक्की, फक्त एका कडेला दोन पाय मोकळे. माझ्यासाठीचे. खरं सांगू, इतकं सुंदर होतं ते. मला तेव्हा लाज वगैरे काही वाटली नाही, ती जमिनीवर आल्यावर वाटली, व्हिडिओ लावला तेव्हा. कॅमेरा वरून, त्यात मी कडेच्या मागे डोकावणारा एक लाल ठिपका. कोणीतरी मोजलं, दीड मीटर.

कोणी काही बोललं नाही. तेच वाईट. दहाव्या उडीच्या आधी कॅप्टन माझ्याशेजारी येऊन बसली, पाण्याची बाटली दिली, आणि म्हणाली पुढची तू आराम कर. मोठ्या प्रयत्नात राखीव जंपर असतातच, माझ्या जागी त्यातली एक गेली. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, हसरी, सकाळीच तिने मला तिच्याकडचा संत्र्याचा अर्धा भाग दिला होता.

मी खाली उभी राहून बघितलं. दुर्बीण होती कोणाचीतरी, मी घेतली नाही, नुसत्या डोळ्यांनी बघितलं, वर खसखशीएवढे ठिपके जमत जमत एक होतात आणि मग एकदम फुटून चारी दिशांना पळतात, कारण वेगळं होऊन लांब गेल्याशिवाय पॅराशूट उघडता येत नाही. काही वेळाने त्या एकेक करून उतरल्या आणि चेहऱ्यांवरूनच कळलं. झालं नाही. माझ्या जागी गेलेली पण पोचली नव्हती. वरच राहिली होती, हलकी म्हणून.

आणि मला बरं वाटलं.

हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलंय. वाईट वाटलं नाही, "अरेरे" वाटलं नाही, पोटातून बरं वाटलं, गरम चहाचा पहिला घोट जातो तसं. नऊ उड्या ज्या बायकांबरोबर मारल्या, ज्यांच्या हातांवर माझा जीव होता, त्यांचं झालं नाही म्हणून मला बरं वाटलं. अकरावी, बारावी पण झाली नाही. शेवटच्या रात्री सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, मी पण रडले, पण माझं रडणं वेगळ्या खात्यातलं होतं.

घरी आल्यावर लोकांना वाटलं मी उदास आहे रेकॉर्ड हुकलं म्हणून. बेंगळुरूच्या ऑफिसात केक कापला त्यांनी, "बेटर लक" लिहून. ह्या वर्षी परत बोलावणं आलं तेव्हा मी तीन आठवडे उत्तर दिलं नाही. मग दिलं. हैदराबादला आता हवेचा बोगदा झालाय, खालून जोरात हवा सोडतात आणि तुम्ही त्यावर तरंगता, तिथे दोनदा जाऊन आले, रात्रीची बस, दिवसभर पाच-पाच मिनिटांचे स्लॉट, परत रात्रीची बस. तिथे एकच गोष्ट घोटली. एका पातळीवर थांबणं. बोगद्याच्या काचेवर एक खूण धरायची आणि तिच्या वर नाही खाली नाही. ऑपरेटर पोरगा म्हणाला मॅडम, सगळे फ्लिप शिकवा म्हणतात, तुम्ही काहीच करत नाही.

मामा आले होते परवा, खानापूरकडून, पावसात, एसटी बदलून. (इथे केएसआरटीसी म्हणा, एनडब्ल्यूकेआरटीसी म्हणा, आमची ती एसटीच.) मामा पॅराचे, म्हणजे लष्करातले पॅराशूटवाले. 2 पॅरा, म्हणजे मुळातली तिसरी मराठा, 1971 च्या युद्धात 11 डिसेंबरला बांगलादेशात टांगाईलला उतरली ती पलटण. मामा तेव्हा एकवीस-बावीसचे असतील. माझं पॅराशूट त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हे चौकोनी. आमचं गोल, छत्रीगत. आणि आमचं विमानातल्या तारेला दोरी लावलेली असायची, भाईर पडलं की आपोआप उघडायचं. तुमचं आपण उघडायचं, न्हवं?" मी त्यांना व्हिडिओ दाखवला, नववी उडी नाही, आठवी. ते बघत राहिले. मग म्हणाले, "हवेत दुसऱ्याच्या जवळ गेलास तर दोघं पण मेला, हे शिकवलेलं आम्हाला. दुसरा जवळ आला की लाथ मारून लांब कर म्हणून सांगायचे. आणि तुम्ही हात धरताय." टांगाईलला ते तळ्यात पडले होते, हे आम्ही लहानपणापासून ऐकलंय, दरवेळी तळं थोडं मोठं होतं. मी विचारलं, मामा, उडी मारताना बाकीच्यांचा विचार असायचा? मामा म्हणाले, "उडी मारताना कुठला? दार, आणि मागचा ढकलतोय. विचार खाली आल्यावर. कोण कोण आला ते मोजताना." आणि मग चहा ओतून बशीत फुंकत बसले, पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

आईला मी त्या रात्री सांगितलं. दहाव्या उडीचं. ती कांड्या, म्हणजे मागाच्या दोऱ्याच्या नळ्या, भरत बसली होती. आता घरात माग नाही, बाबा गेल्यावर विकला, पण शेजारच्यांच्या कांड्या ती भरून देते, पैशासाठी कमी आणि हाताला सवय म्हणून जास्त. लहानपणी दोन्ही बाजूंच्या घरांतून यंत्रमाग चालायचे, खटाक-खटाक-खटाक, रात्री लाइट गेली की त्या शांततेने जाग यायची. ट्विन ऑटरमध्ये मला गाढ झोप लागते ती त्यामुळेच, बाकीच्यांना ह्याचं फार आश्चर्य वाटतं.

तिने ऐकून घेतलं. हात चालूच. मला वाटलं आता काहीतरी समजूत घालेल, तसं नको व्हायला वगैरे. ती म्हणाली, "तू चौथीत असताना समोरच्यांचा माग जळला होता बघ. मोटार जळली, आणि ताणा अख्खा काळा झाला." मला आठवत होतं, वास आठवत होता. "व्यापाऱ्यानं त्यांची ऑर्डर आम्हाला दिली. बारा साड्यांची. मी त्यांच्या घरात जाऊन त्यांच्या बाईबरोबर रडलो, घरात येऊन तुझ्या बाबाला म्हटलो, बरं झालं." (आमच्याकडे बायकाही 'मी रडलो, मी म्हटलो' असंच बोलतात, हसू नका, मी बेंगळुरूहून फोनवर बोलते तेव्हा मीही तसंच बोलते.)

मग? म्हटलं मी.

"मग काय. विणलो बारा साड्या. तुझी फी भरली त्यात."

आणि समोरच्या काकू?

"तिला काय सांगायचं हाय. तिला माहीत असणार की. आमचा बंद पडला असता तर तिला पण वाटलंच असतं." कांडी भरली, तिने दाताने दोरा तोडला, दुसरी लावली. मी वाट बघत होते अजून काही म्हणेल. ती म्हणाली, "लाइट बंद कर पलीकडची, उगीच जळालीय."

मला ह्याने हलकं वाटलं का? नाही, फारसं नाही. पण तोवर मला वाटायचं मी एकटीच असली निघाले.

काल यंदाची आकृती मेलवर आली. मी पुन्हा शेवटून तिसरीच, पण दुसऱ्या बाजूला. आईला मोबाइलवर ते बारीक दिसेना म्हणून मी जमिनीवर कांड्या मांडून दाखवलं, मधे आठ लाल म्हणजे बेस, मग पिवळ्या, मग हिरव्या, 48 पुऱ्या होईनात तर शेवटच्या दोन-तीन ठिकाणी वाटाणे. ही मी, म्हटलं, हा वाटाणा. हिचा डावा पाय आणि हिचा उजवा पाय मी धरायचा.

"ह्या कोण?"

एक कॅनडाची, शाळेत शिकवते. आणि दुसरी ती. माझ्या जागी गेली होती ती. यंदा तिला कायमची जागा मिळालीय, आतल्या थरात, माझ्या पुढे.

आईने त्या हिरव्या कांडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "म्हणजे एवढे दीड-दोन लाख घालून तू तिचे पाय धरायला चाललीस!"

मलाही हसू आलं, काय करणार. खरंच की, कागदावरच छापून आलंय, कुठला पाय ते सुद्धा.

मग उठून तिने कांड्या गोळा केल्या, वाटाणे परत डब्यात टाकले (उसळीचे होते ते), आणि विचारलं कुंदा किती न्यायचा. एक किलो पुरे, म्हटलं, बॅगेचं वजन होतं. "दोन घे," ती म्हणाली, "एक तिला वेगळा बांधून दे. हलकी हाय म्हणालीस न्हवं?"